भिंतीपासून वीतभर

"काका, या दोन्ही डब्यांतले ट्वीटर तुम्ही मुद्दाम सोडवून ठेवलेत का हो?" दुकानदाराच्या सुनेने आतल्या टेबलावरून विचारलं. कानसेनला आधी वाटलं, ती दुसऱ्याच कुणाशी बोलतेय. तो त्या वेळी भिंतीला तळवा लावून उभा होता आणि दुकानदाराला चांगलाच फैलावर घेत होता. समोर ब्रॅकेटवर फूटभर उंचीची दोन खोकी टांगलेली, भिंतीपासून जेमतेम वीतभर. "अहो, याच्या पाठीला भोक आहे," तो सांगत होता, "आणि तुम्ही ते भिंतीला चिकटवून मला ऐकवताय. भोकातून निघालेला आवाज भिंतीवर आपटतो आणि दुप्पट होऊन खोलीत येतो. घूं घूं घूं. हात लावून बघा, भिंत थरथरतेय. मला पाठ बंद असलेली जोडी दाखवा." दुकानदार मान डोलावत होता. गिऱ्हाईकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं त्याला भासू दिलं की निम्मा सौदा झाला, हे तो माणूस पुरता ओळखून होता. कानसेनला हे असं मान डोलावणं आवडायचं. कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गातो तो तानसेन, ऐकतो तो कानसेन, ही जुनीच थट्टा. पण त्याच्या बाबतीत तिच्यातली थट्टा केव्हाच गळून पडली होती आणि पदवी तेवढी उरली होती.

"कुठले ट्वीटर?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या जुन्या डब्यांतले. बारीक आवाजाचे, वरचे छोटे. दोन्हीकडे तारा सोडवून टेप गुंडाळून ठेवल्यात." तो आत गेला. टेबलावर त्याचे दोन मोठे डबे पालथे पडले होते, मागच्या फळ्या उघडलेल्या. तीस वर्षं हे डबे त्याच्या बैठकीच्या खोलीत भिंतीपासून मोजून तीन फूट पुढे उभे होते, कारण चांगला आवाज हवा तर डब्याच्या पाठीमागे मोकळी हवा हवी. बायको त्यांना रांजण म्हणायची आणि केर काढताना रोज त्यांना प्रदक्षिणा घालायची. आता सासूबाई पाय मोडून कायमच्या राहायला येणार होत्या, त्यांची खाट तिथेच लागणार होती, तेव्हा एक तर आई नाही तर रांजण, असं बायकोने सांगून टाकलं होतं. आणि त्याने फारसे आढेवेढे न घेता, स्वतःच्या मोठेपणावर थोडा खूश होत, रांजण दुकानात देऊन भिंतीवर टांगायची छोटी जोडी आणायचं कबूल केलं होतं. त्या दिवसाचं काम एवढंच होतं. सुनेने टॉर्च आत धरला. डब्याच्या पोटात, कापसाच्या गादीमागे, दोन तारा बाजूला वळवून ठेवलेल्या होत्या. टोकांवर पिवळी सुती टेप, एकावर एक नेमकी निम्मी चढत गेलेली. आणि टेपेचं शेवटचं टोक स्वतःवर दुमडून छोटा कान ठेवलेला.

तो कान बघितला आणि कानसेन आणखी खाली वाकला. पंख्यांच्या कारखान्यात कॉइल गुंडाळणारे तीसेक लोक होते, पण टेपेचा शेवट असा दुमडणारा एकच होता, ज्याला सगळे नुसतं वायंडर म्हणायचे. बाकीचे टोक दाबून मोकळे व्हायचे. वायंडर मात्र, हातात कितीही काम असो, अर्धं पेर टेप उलटी दुमडायचा. विचारलं तर म्हणायचा, "पुढच्या माणसाला सोडवायचं असेल, तर नख कुठे घालावं हे कळायला नको का?" वायंडर म्हणजे कानसेनचा जिवाभावाचा दोस्त. अठ्ठावीस वर्षं एका डब्यातलं जेवण, एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत वाढपी, दर रविवारी सकाळी त्याच रांजणांसमोर मांडी ठोकून बसणारा. "जळलेत का ते?" कानसेनने विचारलं. जळले असतील. जळले असतील आणि नवे मिळाले नसतील, म्हणून त्याने तात्पुरते सोडवले असतील, आणि सांगायचं राहिलं असेल. माणूस आहे, विसरतो. "बघते," सून म्हणाली. तिने टेपेचा कान नखाने उचलला, टेप सरसर सुटली. तारांना चिमटे लावले, आपल्या यंत्राची कळ फिरवली आणि त्याच्याकडे बघितलं. कानसेन कान देऊन उभा राहिला. मान किंचित डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले, ऐकायला उभं राहण्याची त्याची जी ठरलेली पद्धत होती तसा. थोडा वेळ गेला. दुकानाबाहेर एक टेम्पो मागे येत होता. दुकानदाराने का कोण जाणे खांदे आक्रसून घेतले आणि एक डोळा मिटला.

"लाव की," कानसेन म्हणाला.

"लावलंय, काका," सून म्हणाली.

तिने पटकन कळ बंद केली. दुकानदाराचे खांदे खाली आले. सून खाली बघून म्हणाली, "स्पीकर चांगले आहेत दोन्ही. जळलेले नाहीत." मग फार समजूतदारपणे सासऱ्याला म्हणाली, "बाबा, काकांना पाणी देता का?" आणि कानसेनने ते पाणी प्यायलं. मघाशी त्या यंत्राची बारीक शिट्टी वाजत होती. एका खोलीत तिघं जण होते, दोघांना ती झोंबत होती आणि तिसरा, ज्याला गावाने कानसेन म्हटलं, तो ती सुरू व्हायची वाट बघत उभा होता. असं कसं होईल? तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. कुणी न सांगता मघाची टेप उचलून त्याने बोटाभोवती गुंडाळली. चिकटपणा गेला होता, पण टोकाचा कान तसाच घट्ट होता.

सहा वर्षं झाली असतील. त्याला ती दुपार जशीच्या तशी आठवली, कारण ती त्याच्या आवडत्या आठवणींतली होती. रांजण खरखरतात असं त्याच्या लक्षात आलं होतं. खरखर म्हणजे, बारीक आवाज पुरेसा येत नाही म्हणून त्या आवाजाचं बटण त्याने आधी तीनवर, मग पाचवर, मग पार शेवटाला नेऊन ठेवलं होतं आणि तरी समाधान होत नव्हतं. वायंडरला बोलावलं. वायंडर हत्यारं घेऊन आला, डबे पालथे घातले. कानसेन साखर संपली म्हणून खाली दुकानात गेला, वाटेत कुणीतरी भेटलं, अर्धा तास गेला. परत आला तर फळ्या लावून झाल्या होत्या आणि बायको, जी एरवी गाणं लागलं की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, ती चक्क खुर्चीवर बसली होती. त्याने नेहमीचं गाणं लावलं. दोन मिनिटं ऐकलं. आणि तो म्हणाला, शब्द न् शब्द आठवत होता, "वा! आता कसं मोकळं झालं. समोरचा पडदाच उचलला रे कुणी!" तेव्हा बायकोने वायंडरकडे बघितलं होतं आणि वायंडरने बायकोकडे. ती नजर त्याने पकडली होती. आणि त्याला वाटलं होतं, इथेच तर त्याच्या कानात आता काहीतरी तापून आल्यासारखं झालं, त्याला वाटलं होतं की ते दोघं त्याच्या कानाचं कौतुक करतायत.

फसवलं. या दोघांनी मिळून मला फसवलं. त्याने हे मनात म्हणून बघितलं आणि शब्द बरोबर बसले. बायको आणि दोस्त. एखाद्याला वाटेल, नेहमीचंच प्रकरण. तसलं काही असतं तर बरं झालं असतं, त्याच्या मनात आलं. निदान चार लोकांना सांगता आलं असतं, आरडाओरडा करता आला असता, लोक हळहळले असते. हे काय सांगायचं? माझ्या बायकोने आणि माझ्या दोस्ताने माझ्या स्पीकरची तार सोडवली? ऐकणारा हसेल. आणि हसणारा विचारेल, मग तुम्हाला सहा वर्षं कळलं कसं नाही? दुकानदाराने दरम्यान पाठ बंद असलेली जोडी ब्रॅकेटवर चढवली होती. "ही बघा, भिंतीसाठीच केलीय," तो म्हणाला, "मागे भोकबिक काही नाही. कोपऱ्यात नका लावू एवढंच, कोपऱ्यात दोन भिंती मिळतात आणि पुन्हा घुमायला लागतं." हे मघापर्यंत कानसेनच त्याला शिकवणार होता. त्याने उठून भिंतीला तळवा लावला. मोठ्या तंतुवाद्याचा खालचा सूर येत होता, घट्ट, एकेक सुटा, आणि भिंत शांत होती. एवढं त्याला कळत होतं. खालचं सगळं त्याला कळत होतं, पूर्वीइतकंच कळत होतं. तळव्याखालची भिंत खोटं बोलत नव्हती. वरचं मात्र कुणाला विचारायचं?

वरचं तो जन्मभर दुसऱ्यांना सांगत आला होता. कारखान्याच्या टेस्टरूममध्ये, चारी भिंतींना स्पंज ठोकलेल्या त्या कोठडीत, छताच्या हुकाला पंखा लटकवायचा, तीन वेगांवर फिरवायचा आणि खाली कानसेनने उभं राहायचं. बेअरिंगमध्ये केसाएवढी कसर असली तरी एक बारीक किर्र आवाज येतो. तो आला की लाल खडूची फुली, नाही आला की निळी बरोबरची खूण. दिवसाला दीडशे पंखे. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि सांगायचे, आमच्याकडे यंत्र नाही, आमच्याकडे हा माणूस आहे. मग एके दिवशी यंत्र आलं. काचेची खिडकी असलेला एक डबा, आत काटा. आणि कानसेनला बढती मिळाली, स्टोअरचा प्रमुख, हातांची खुर्ची, टेबलावर काच. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वायंडरने भाषण केलं, "तीस वर्षं याने आपल्यासाठी ऐकलं, आता याच्या कानांना आराम." टाळ्या पडल्या. ते कधी झालं? त्याने बोटांवर महिने मोजले. ती साखरेची दुपार आणि ती बढती यांच्यात तीन महिन्यांचंही अंतर नव्हतं. म्हणजे किर्र आवाज येत होता. पंखे किर्र किर्र करत फिरत होते आणि तो खाली मान डावीकडे करून, डोळे मिटून, निळ्या खुणा करत उभा होता. आणि सगळ्या कारखान्याला माहीत होतं. स्टोअरमधली ती हातांची खुर्ची आठवून त्याला इतकी शरम वाटली की त्याने तोंडावरून हात फिरवला.

आणि रविवारची मंडळी? शिंपीमास्तर, कंपाउंडर आणि चित्रकलेचे सर. दर रविवारी सकाळी रांजणांसमोर बैठक व्हायची. एक गाणं ठरलेलं होतं, एक बाई गाते, मागे एकटं व्हायोलिन. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी ती बाई श्वास घेते. अगदी हलका, ओठ उघडल्याचा आवाज. तो श्वास पहिल्यांदा ऐकला तेव्हा कानसेन सव्वीस वर्षांचा होता आणि त्याच्या अंगावर काटा आला होता. त्या बाईला आपण स्वतः बाईलाही माहीत नसलेल्या जागी पकडलं, असं काहीतरी वाटलं होतं. तेव्हापासून ती जागा आली की तो एक बोट वर करायचा. "इथे. ऐकलात? श्वास घेतला." मंडळी माना हलवायची. मागची सहा वर्षंही त्याने बोट वर केलं होतं, मंडळींनी माना हलवल्या होत्या, आणि तारा सोडवलेल्या त्या डब्यांतून श्वासच काय, श्वासाची सावलीही येत नव्हती. त्याने तो ऐकला होता, शपथेवर सांगितलं असतं त्याने. सरांसाठी दोन वर्षांपूर्वी त्यानेच स्पीकर निवडून दिले होते. सर नंतर चाचरत म्हणाले होते, "जरा टोचतात हो कानाला." त्यावर तो म्हणाला होता, "सर, कान तयार व्हावा लागतो." बिचाऱ्या सरांनी बैठकीला येणं हळूहळू बंद केलं. घरी कानात कापूस घालून बसत असतील.

"काय मग, काका, वरचा आवाज कसा वाटतोय या जोडीचा?" सुनेने विचारलं, आणि लगेच तिला आपण काय विचारलं ते कळलं असावं, कारण तिने घाईघाईने खोकं फिरवून त्याची पाठ दाखवायला घेतली. मागे चार पिना होत्या. "या दोन खालच्या स्पीकरच्या, या दोन वरच्या. मध्ये या पितळी पट्ट्या आहेत ना, त्यांनी जोडलेल्या असतात. वायर कुठेही लावा, दोन्ही वाजतात. पट्ट्या तेवढ्या काढू नका." "काढल्या तर?" "खाली वायर लावली असेल तर वरचा बंद पडेल," ती म्हणाली. कानसेनने पट्टीवरून अंगठा फिरवला. इतकं सोपं. आता तर डबा उघडायलाही लागत नाही. "हीच द्या," तो म्हणाला, "भिंतीला हीच चांगली." टॅक्सीत दोन खोकी मांडीवर घेऊन तो घरी आला. बायकोने दार उघडलं, खोकी हातात तोलून बघितली आणि हसून म्हणाली, "बाई बाई, एवढीशीच? म्हणजे माझ्या प्रदक्षिणा संपल्या म्हणायच्या." तीस वर्षं ओळखीचं ते हसू. हिला सगळं माहीत आहे, तो चपला काढताना म्हणाला, मनातल्या मनात. सहा वर्षं ही मला रोज चहा देते, हिला माहीत आहे. डोकं दुखतं म्हणून रुमाल बांधून बसायची ती त्याच दुपारपासून बसेनाशी झाली, हेही त्याला आता आठवलं. तेव्हा तो तिला म्हणाला होता, बघ, चांगल्या आवाजाने डोकेदुखीसुद्धा जाते. ती "हो ना" म्हणाली होती. त्या रात्री तो जेवला, बोलला, सासूबाईंची खाट कुठल्या अंगाने लावायची ते ठरवलं. आपल्यालाही असं वागता येतं, याचं त्याला नवल वाटलं.

त्या रविवारी बैठक बंद ठेवली होती, सकाळी एकटा वायंडर ड्रिल घेऊन आला. "वहिनी, जुनी वर्तमानपत्रं द्या, धूळ पडेल," असं दारातूनच ओरडत आला. बायको म्हणाली, "भावजी, आधी चहा, मग भोकं." कानसेन बाजूच्या खोलीत नव्या खोक्यांसमोर बसला होता. त्याने चारही पितळी पट्ट्या काढल्या, खिशात टाकल्या आणि वायरी खालच्या पिनांना घट्ट आवळल्या. खिशात पिवळी टेप आधीच होती. मग खोकी बाहेर नेली आणि टांगलीही त्यानेच. वायंडर म्हणाला "अरे, मी करतो", तेव्हा "तू भोकं पाड, बाकीचं माझं" असं त्याने तोडून टाकलं. भिंतीपासून वीतभर. पाठ कुणाला दिसण्यासारखी नव्हती. त्याने तेच गाणं लावलं, दोघांना समोर बसवलं, बायकोला हात धरून स्वयंपाकघरातून आणलं, आणि तो स्वतः बाजूला, त्यांची तोंडं दिसतील असा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो गाणं लावून गाण्याकडे बघत नव्हता. व्हायोलिन सुरू झालं. बाई गायला लागली. त्याला ते नेहमीसारखंच वाटलं, सुंदर.

"झकास!" वायंडर मांडीवर थाप मारून म्हणाला. "अरे, काय निखळ आवाज आहे! एवढ्याशा डब्यातून? मानलं तुला, निवड करावी तर कानसेनने." बोलताना त्याची मान खाली होती आणि तो हातातल्या ड्रिलची वायर गुंडाळत होता. खोटं बोलतोय का? की वायंडरलाही ऐकू येत नाही आता? साठीला आलाय तोही, कॉइलच्या गुणगुणीत जन्म काढलेला. कसं कळायचं? आता याच्या कुठल्याच 'झकास'चा भरवसा नाही, मागच्यांचाही नाही, लग्नात "वहिनी लाखात एक" म्हणाला होता त्याचाही नाही. आणि तेवढ्यात बायको बोलली. ती हात पुसत पुसत, जरा कपाळाला आठी घालून, स्पीकरकडे बघत होती.

"वरचं काही वाजत नाहीये," ती म्हणाली. "जुन्यांसारखंच झालंय."

वायंडरच्या हातातली वायर थांबली. 'जुन्यांसारखंच' हा शब्द आपल्या तोंडून गेला हे बायकोच्याही लक्षात आलं, पण तिने तो गिळायचा प्रयत्न केला नाही. कानसेनने खिशातून टेप काढली आणि वायंडरच्या समोर, वर्तमानपत्रावर, ठेवली. टोकाचा कान वर करून. वायंडरने ती ओळखली. आपल्या हातचं काम कुणीही ओळखतो. बाई गात राहिली.

"सोडवता यावी म्हणूनच कान ठेवला होता," वायंडर शेवटी म्हणाला.

"मला कधी नख घालायचं सुचलं नाही," कानसेन म्हणाला. "आणि स्टोअर? ती बढती?"

वायंडरने बायकोकडे बघितलं. तीच नजर. या वेळी कानसेनला ती नीट वाचता आली. "चारशे पंखे परत आले होते त्या महिन्यात," वायंडर म्हणाला. "तुला काढणारच होते. मी साहेबांच्या हातापाया पडलो. म्हटलं, चार वर्षं राहिलीत त्याची, यंत्र आणा आणि त्याला बसवा कुठेतरी. माणूस मरेल तो, कान गेले म्हणून कळलं तर."

"मला सांगायचं होतंस. तू दोस्त ना? दुसऱ्याने फसवलं तर दोस्ताकडे जातो माणूस. मी कुणाकडे जायचं?"

"सांगितलं होतं रे," वायंडरचा आवाज चढला आणि लगेच बसला. "आपण डबा खात होतो. मी म्हटलं, कानसेन, तुला ते किर्र ऐकू येत नाही की काय? तू म्हणालास, तुझेच कान गेलेत मेल्या, कॉइल गुंडाळून गुंडाळून. आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस."

कानसेनला हे आठवलं नाही. मग आठवलं. डब्यातली भाजीसुद्धा आठवली. म्हणून काय झालं? दोन दिवस बोललो नसतो, दोन महिने बोललो नसतो, पण माझं मला कळलं तर असतं. माझे कान होते ते. "जा तू आता," तो म्हणाला. वायंडर उठला. ड्रिल, पाना, वर्तमानपत्रावरची धूळ, सगळं मुकाट्याने गोळा केलं. टेपेकडे हात नेला आणि मागे घेतला. "येतो, वहिनी," एवढंच म्हणाला. दरवेळी तो "पुढच्या रविवारी" असं जोडायचा.

दार लागलं. बायको अजून तिथेच बसली होती. "आणि तू?" कानसेन म्हणाला. "एका घरात राहून. त्याचं ठीक आहे, तो परका. तू सहा वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"माझं डोकं फुटायचं," ती म्हणाली. "तुम्ही बटण वाढवत वाढवत नेलं होतं, सुया टोचल्यासारखं व्हायचं. तुम्हाला सांगितलं की तुम्ही म्हणायचात, तुला कान नाही. मग मीच भावजींना म्हटलं, काहीतरी करा. ते वाईट नाहीयेत, मी केलंय हे. आणि बोलली नाहीस म्हणता, तर तुम्ही कधी विचारलंत? तीस वर्षांत मला एकदा तरी विचारलंत, तुला काय ऐकू येतं म्हणून? तुम्ही नेहमी सांगत आलात." ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. भाजी निवडताना बोलावं तशी बोलत होती, आणि कानसेनला वाटलं, हिने हे एवढं किती वर्षं मनात जुळवून ठेवलं असेल. त्याला तिचा राग येत होता. राग बरोबर होता, आणि तरी तो नीट धरता येत नव्हता.

तो स्टुलावर चढला. दोन्ही खोकी भिंतीपासून थोडी फिरवून त्याने चारही पट्ट्या एकेक करून परत लावल्या. एक पट्टी खाली पडली, ती बायकोने उचलून दिली. मग खाली उतरून त्याने गाणं पहिल्यापासून लावलं आणि तिच्या बाजूला बसला. "आता?" त्याने विचारलं.

"आता येतंय," ती म्हणाली. "छान येतंय. टोचत नाही."

त्याला काही फरक कळला नाही. व्हायोलिन तसंच होतं, बाई तशीच. पहिलं कडवं संपत आलं. त्याची मान सवयीने डावीकडे कलली, डोळे अर्धे मिटले. एवढं तरी आपलं आहे, त्याला वाटलं. हे कुणी सोडवून ठेवलेलं नाही. चौतीस वर्षं ऐकलेली जागा, ती ऐकायला कानसुद्धा लागत नाहीत. व्हायोलिन शेवटच्या सुरावर आलं, ओढलं गेलं, थांबलं. त्याने बोट वर केलं.

"अजून नाही," बायको म्हणाली.

त्याचं बोट हवेत राहिलं. बायको पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती.

"हं," ती म्हणाली, "आत्ता घेतला."

त्याने बोट खाली घेतलं.